गाडी चढ घेईना

राउंडअबाउटवर पोचले तेव्हा उजवीकडून येणारी लॉरी बरीच लांब होती. एरवी तेवढ्या अंतरात मी आरामात निघून गेले असते. मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज जरासा जड झाला, आणि गाडी पुढे सरकली ती कमरेएवढ्या पाण्यातून चालावं तशी. पेडल पार खाली टेकवलं तरी फरक नाही. लॉरीवाल्याने जो हॉर्न दाबून धरला तो मी पलीकडे जाऊन गाडी कडेला घेईपर्यंत सोडला नाही.

शेजारच्या सीटवर बाबा होते. एका हाताने त्यांनी खिडकीवरची दांडी घट्ट धरली होती आणि दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. लॉरी गेल्यावर ते म्हणाले, "बेटा, ही गाडी काय करून राहिली?"

मला आधी त्या वाक्याचंच आश्चर्य वाटलं. नागपूरहून आल्यापासून बाबा फार बोलत नव्हते. आदल्या वर्षी आई गेली. थंडीचे महिने माझ्याकडे काढा, असा मी आग्रह धरला म्हणून ते कार्डिफला आले होते. मी इथे भूलतज्ज्ञ आहे, एकटीच राहते, आणि शिफ्टवर गेले की घरात ते एकटे. सकाळी मागच्या बागेत पक्ष्यांसाठी टांगलेल्या जाळीच्या नळीत शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया भरायच्या, मग खिडकीशी बसायचं, एवढाच त्यांचा दिनक्रम. "इथले पक्षी फार खादाड आहेत," हे एक वाक्य ते रोज म्हणायचे, कारण संध्याकाळपर्यंत नळी रिकामी व्हायची. बाकी मी विचारीन तेवढंच. चाळीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलेला माणूस, ज्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तो "हो", "नको" आणि "बरं" एवढ्यावर आला होता.

गाडी माझी जुनीच, छोटी, पेट्रोलवरची. शरद ऋतूत एमओटी, म्हणजे इथली दरवर्षीची सक्तीची तपासणी, झाली तेव्हा काही तक्रार निघाली नव्हती. पण जानेवारीपासून ती हळूहळू मंदावत गेली असणार, आणि रोजच्या सवयीने माझ्या ते लक्षात आलं नाही. आठवड्यातून काही दिवस मला कॅरफिलीच्या डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात जावं लागतं. त्या चढावर मी पूर्वी चौथ्या गिअरमध्ये जायचे. मग तिसऱ्यात जाऊ लागले, मग दुसऱ्यात. मागे गाड्यांची रांग लागली की मला वाटायचं, आज ट्रॅफिक जास्त आहे.

त्याच दिवशी गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने डॅशबोर्डखाली मशीन जोडलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला की मशीनला काही चूक सापडत नाही. नीट उघडून पाहावं लागेल, पण पुढच्या आठवड्याच्या शेवटाआधी वेळ नाही, तोवर जपून चालवा. घरी येताना बाबा म्हणाले, "मशीनला दिसत नाही म्हणजे काय? आपण पाहू ना."

शनिवारी सकाळी चहाचे कप बाजूला सारून ते टेबलाशी बसले आणि मला प्रश्न विचारू लागले.

"सुरू व्हायला त्रास देते?"

"नाही."

"उभी असताना थरथरते? धूर?"

"नाही, काहीच नाही."

"गावात, हळू चालवली तर?"

"काही कळतही नाही. फक्त चढावर, नाहीतर एकदम वेग घ्यायचा असला की."

"म्हणजे थोडं मागितलं तर देते. जास्त मागितलं की देत नाही."

मी हसले. जिना चढताना धाप लागते का, बसल्या जागी बरं वाटतं का, हे मी रोज ऑपरेशनआधी लोकांना विचारते. ते माझ्याकडे न पाहता पुढे बोलत होते. आवाज बदलला होता. "तीनच शक्यता आहेत बघ. ताकद तयारच होत नाही. किंवा तयार होते, पण चाकापर्यंत पोचत नाही. किंवा पोचते, पण चाकाला कोणीतरी धरून ठेवलं आहे. आधी मागच्या दोन निकालात काढू. सोप्या आहेत."

बाबांनी आयुष्यात कार चालवलेली नाही. त्यांच्याकडे स्कूटर होती, आणि ती ते रविवारी अंगणात उघडून बसायचे. तरी त्यांनी मला त्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी नेलं आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबायला लावलं. स्वतः मान वाकडी करून ते डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघत राहिले. इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडीचा वेग मात्र वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतो आहे. पण इथे फेरेच वाढत नव्हते. काटा अर्ध्यावर जाऊन बसला होता, कोणी बोटाने दाबून धरल्यासारखा.

"क्लच नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आईच्या आजारपणापासून पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. एखादा ब्रेक चिकटून राहिला असता तर ते चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असतं. चारी सारखीच कोमट होती. तरी त्यांचं समाधान होईना. आमची गल्ली पुढे बंद आहे आणि अगदी सपाट आहे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मी स्टीअरिंगवर बसले आणि बाबा मागून ढकलू लागले. ते पाहून शेजारच्या बाई धावत बाहेर आल्या.

या बाई वेल्सच्याच, सत्तरी ओलांडलेल्या. नोकरी होती तेव्हा त्या फिरत्या लायब्ररीची व्हॅन चालवायच्या, खाणींच्या जुन्या गावांमधून, बर्फात, धुक्यात. सगळ्यांनाच त्या 'लव्ह' म्हणतात. पहिल्यांदा बाबांना म्हणाल्या तेव्हा बाबा दोन पावलं मागे सरकले होते.

"पेट्रोल संपलं का, लव्ह?"

"नो, नो," बाबा हात झटकत म्हणाले. "एक्सपेरिमेंट."

त्यांनी एका तळहाताने गाडी हलवून दाखवली. ती लोण्यावरून गेल्यासारखी पुढे गेली. चाकांना कोणी धरून ठेवलेलं नव्हतं. बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग कोपरापर्यंत बाह्या वर करून म्हणाल्या, "पुढचा एक्सपेरिमेंट कुठला?"

पुढचा धुराड्याचा होता. इंजिनात जे जळतं ते बाहेर पडायला वाट हवी. मागची नळी आतून तुंबली असेल तर जुनी हवा बाहेर जाणार नाही आणि नवी आत येणार नाही. बाईंनी घरातून किचन रोलचा कागद आणला. मी गाडी उभ्या उभ्या रेस केली, आणि बाबांनी तो कागद लांब काठीला बांधून सायलेन्सरच्या तोंडापुढे धरला. कागद झेंड्यासारखा सरळ फडफडत राहिला. एकदाही खाली पडला नाही.

"जाताना अडत नाही," बाबा म्हणाले. "म्हणजे येताना अडतंय. पेट्रोल तरी, नाहीतर हवा. आधी हवा बघू. पेट्रोलला पाइप काढावे लागतील, हवेला नुसतं झाकण."

पण ते झाकण निघेना. बॉनेटखाली हवेच्या फिल्टरचा काळा प्लॅस्टिकचा डबा दिसत होता, आणि त्याचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे होते. तसला स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे नव्हता. बाईंचा त्यांच्या भाच्याकडे होता आणि भाचा स्वान्सीला. मला सोमवारपासून शिफ्ट होती. आठवडाभर मी बसने गेले आणि गाडी ड्राइव्हवेमध्ये झुडपांच्या कुंपणाला लागून उभी राहिली.

त्या आठवड्यात मी घरी आले की बाबा बोलायचे. हवेबद्दल. "तुला माहीत आहे, एक लिटर पेट्रोल जाळायला किती हवा लागते?" मी आपली पिशवीभर म्हटलं. ते उठले, मला जिन्यावरून वर घेऊन गेले आणि बाथरूमचं दार उघडलं. "एवढी. ही खोली भरून. आणि ती सगळी इंजिनाने बोटभर फटींतून ओढून घ्यायची, चढावर, भराभर. आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. अगं, ती जास्त करून हवेवर चालते." मी त्या बाथरूमच्या दारात उभी होते. मी रोज माणसांच्या फुप्फुसांत हवा सोडते, किती सोडते ते मोजून सोडते, पण हवा ही एवढी मोठी वस्तू आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी बाई स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या. मार्च संपत आला होता, उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायची वेळ आली होती, आणि ऊन होतं. बाबांनी बॉनेट उघडून टेकू लावला. स्क्रू मी काढले, कारण बोटं माझी लहान. झाकण एका बाजूने उचललं आणि आतून काहीतरी घरंगळत इंजिनावर पडलं. शेंगदाणा. मग आणखी एक. मग झाकण पूर्ण निघालं.

डबा काठोकाठ भरलेला होता. खाली शेंगदाणे, त्यावर सूर्यफुलाच्या बिया, मधे मधे झुडपांची लाल फळं, सगळं नीट दाबून रचलेलं. हवा जिथून आत यायची त्या नळीच्या तोंडाशी फक्त एक अरुंद बोगदा उरला होता. आमची गाडी सबंध हिवाळाभर त्या बोगद्यातून श्वास ओढत होती.

"अरे बाप्पा," बाबा म्हणाले. मग बागेतल्या नळीकडे त्यांनी मान वळवली, पुन्हा डब्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. "आणि मी बिचाऱ्या पक्ष्यांना नावं ठेवून राहिलो!"

"उंदीर," बाई म्हणाल्या. "रानातला छोटा उंदीर. एकेक दाणा तोंडात धरून आणतो, लव्ह."

मी बागेतल्या नळीपासून ड्राइव्हवेपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. घराला वळसा, कुंपणाच्या बुंध्यातून, फरशीवरून, मग टायरवरून वर, तारांमधून, गरम लोखंडाच्या कडेने, हवेच्या नळीत. एका दाण्यासाठी. त्या प्राण्याचं सगळं वजन पंचवीस-तीस शेंगदाण्यांएवढं असेल. आणि हे सगळं चालू असताना मी रोज ती गाडी घेऊन जात होते! दिवसभर गाडी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, संध्याकाळी परत. तो उंदीर घरी माझी वाट बघत होता, की माझ्याबरोबर डोंगर ओलांडून येत होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बाबांनी स्वयंपाकघरातून जुनं पातेलं आणलं आणि आम्ही दाणे त्यात काढू लागलो. पातेलं भरत आलं तेव्हा कोपऱ्यात लोकरीचा गोळा लागला. तपकिरी. बाबांची कानटोपी, जी महिनाभर सापडत नव्हती. तिचा एकेक धागा सोडवून, बॉनेटच्या आतलं नमद्यासारखं अस्तर कुरतडून, मऊ गादी केलेली होती. मी ती उचलायला हात घातला आणि बाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. हलतंय."

आम्ही तिघं वाकलो. लोकरीत गुलाबी काहीतरी होतं. मिटलेल्या डोळ्यांचं, केस नसलेलं, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. एक नव्हतं, पुंजकाच होता. कातडी इतकी पातळ की एकाच्या पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसत होतं. आणि प्रत्येकाची छाती वर-खाली होत होती, इतकी भराभर की डोळ्याला ती नुसती थरथर वाटावी.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये अगदी अपुऱ्या दिवसांची बाळं पाहिली आहेत. त्यांच्याजवळ आवाज आपोआप खाली येतो. इथेही तसंच झालं. मागून एक व्हॅन गेली, आणि मला त्या ड्रायव्हरला थांबवून सांगावंसं वाटलं की इंजिन बंद कर.

"दोन-तीन दिवसांची असतील," बाई कुजबुजल्या. "गाडी उभी होती ना आठवडाभर. तिला वाटलं, बरी जागा आहे."

"त्यांची आई?" बाबांनी विचारलं.

"असेल इथेच कुठेतरी. आपल्याकडे बघत."

बाबांनी कुंपणाकडे पाहिलं आणि ते गाडीपासून दूर झाले. आम्हालाही त्यांनी हातानेच मागे बोलावलं. मला वाटलं होतं, ते आता घाण म्हणतील, फेकून द्या म्हणतील. नागपूरच्या घरात उंदीर दिसला की पिंजरा लावणारे तेच. पण ते म्हणाले, "हिला पिल्लं न्यायला वेळ देऊ. आपण ती खाली ठेवली तर ती परत येईल का?"

"जवळच ठेवली तर येईल," म्हणत बाईंनी बुटांचं खोकं आणलं, त्याला कडेला दार कापलं. हातमोजे घालून मी ती लोकर जशीच्या तशी उचलून त्यात ठेवली. खोकं आम्ही कुंपणाच्या बुंध्याशी, गाडीच्या पुढच्या चाकाजवळ ठेवलं, बाबांनी त्यावर एक फरशी आडवी टेकवली, दाराशी मूठभर शेंगदाणे टाकले, आणि आम्ही आत गेलो.

दुपारभर काही झालं नाही. बाबा पुढच्या खोलीच्या खिडकीतून हलले नाहीत, जेवणाचं ताटही त्यांनी तिथेच मागून घेतलं. बाई दोनदा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा आल्या त्या खुर्ची ओढून बसल्याच. ऊन कलू लागलं तेव्हा बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

फरशीच्या सावलीतून एक तपकिरी उंदीर बाहेर आला होता. मोठे कान, काळे मणी असावेत तसे डोळे. उंदीर नव्हे, ती. आधी ती टायरवरून वर गेली, बॉनेटखाली दिसेनाशी झाली, परत खाली आली. पुन्हा वर गेली. घर जिथे होतं तिथे नाही, हे तिला मान्य होत नव्हतं. मग ती खोक्याच्या दाराशी थांबली आणि आत शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात एक गुलाबी पिल्लू होतं. शेंगदाण्यांकडे तिने पाहिलंही नाही. कुंपणाच्या मुळांमध्ये कुठेतरी ती गेली आणि रिकामी परत आली. पुन्हा एक. पुन्हा गेली. प्रत्येक खेपेला आम्ही तिघं श्वास धरून बसायचो आणि ती परत दिसली की सोडायचो. शेवटचं पिल्लू नेल्यावरही ती आणखी एकदा आली, आत जाऊन आली, कोणी राहिलं नाही ना ते बघायला असावं.

बाईंनी डोळे पुसले आणि चहा करते म्हणाल्या. माझ्याच घरात.

रविवारी आम्ही गावाबाहेरच्या रिटेल पार्कमधल्या दुकानातून नवा फिल्टर आणला. डबा गरम पाण्याने धुतला, उन्हात वाळवला, आणि नळीच्या तोंडाला बाबांनी तारेची जाळी बसवली, हवा जाईल पण उंदीर जाणार नाही अशी. स्क्रू घट्ट केल्यावर ते आपणहून पुढच्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "चल. डोंगर."

पायथ्याशी मी तिसरा गिअर घातला आणि पेडल दाबलं. इंजिनाचा आवाजच वेगळा होता. मोकळा, खोल. माझी पाठ सीटला टेकली आणि झाडं मागे पडू लागली. अर्ध्या चढावर मी चौथा टाकला, तरी ती वर वर जातच राहिली. ही माझीच गाडी, रोजचीच. तिच्यात एवढं काही आहे हे मी विसरून गेले होते. बाबा डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघून हसत होते, शब्दांशिवाय, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखे.

माथ्यावर गाडी थांबवली. खाली सगळं कार्डिफ पसरलेलं होतं, त्यापलीकडे खाडीचं चकाकणारं पाणी, आणि त्याच्याही पलीकडे निळसर रेघ, ती इंग्लंडची. वारा गाडीला हलवत होता.

मग बाबांनी विचारलं, "तू रोज हेच करतेस ना? माणूस झोपलेला असताना त्याला हवा देतेस."

"हो. तो स्वतः श्वास घेऊ शकत नाही तेव्हा."

"तुझ्या आईला शेवटी ते मशीन लावलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून असायचो. ते काय करतं, हे मी कोणाला विचारलंच नाही. मला वाटायचं, विचारलं तर काहीतरी भलतंच सांगतील."

मी गाडीचं इंजिन बंद केलं. मग त्यांना सगळं सांगितलं. हवा कशी तापवतात, कशी ओलसर करतात, किती दाबाने सोडतात, छाती कशी वर येते, आणि बाहेर पडणारी हवा आपोआप कशी जाते, तिला ढकलावं लागत नाही. ते मधे मधे प्रश्न विचारत होते, बारीक प्रश्न, दाब किती, वेळ किती, मधे थांबा असतो का. मी उत्तरं देत होते. खिडक्यांवर आमच्या श्वासाची वाफ धरली होती आणि बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"तिला कळत असेल?"

"नाही, बाबा. औषधाने झोपलेली होती. मी रिपोर्ट पाहिले आहेत."

"पण हवा मिळत होती."

"मिळत होती."

त्यांनी मान डोलावली. वर्गात एखाद्याने बरोबर उत्तर दिल्यावर डोलवावी तशी, सावकाश. मग काच खाली केली. वारा एकदम आत घुसला, थंड, मेंढ्यांचा आणि ओल्या गवताचा वास घेऊन, आणि बाबांनी डोळे मिटून तो छातीभर घेतला.

"तुझ्या आईला हा डोंगर आवडला असता," ते म्हणाले, आणि मग उतरून बाहेर वाऱ्यात उभे राहिले. आणि मला आईबद्दल सांगू लागले, लग्नाआधीचं, मी कधीच न ऐकलेलं, इतकं की खाली यायला आम्हाला संध्याकाळ झाली.